टायपिंगच्या कीबोर्डवर भूप

परवा रात्री साडेअकराला एक चाल सुचली. आख्खी नाही, मुखड्याच्या दोनच ओळी, पण आत्ता धरली नाही तर सकाळपर्यंत राहणार नाही हे तेव्हाच कळत होतं. घरात सगळे झोपलेले, त्यामुळे पेटी काढायचा प्रश्नच नव्हता. एरवी मी फोनमध्ये गुणगुणून ठेवते, पण त्याचं काय होतं की दुसऱ्या दिवशी ऐकल्यावर सम कुठे धरली होती तेच समजत नाही, आणि पहिल्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत पट्टी थोडी उतरलेली असते ते वेगळंच. म्हणून लॅपटॉप उघडला, हेडफोन लावले, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि ज्या कीबोर्डवर आत्ता हे टाइप करतेय त्याच कीबोर्डवर चाल वाजवली. दहा मिनिटांत सोळा मात्रा स्क्रीनवर होत्या.

ही सोय जवळपास प्रत्येक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तरी कितीतरी जण पियानोसारख्या पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड घेईपर्यंत थांबून राहतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. चाली तोपर्यंत थांबत नाहीत ना. मी गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त चाली अशाच टिपल्यात, त्यातून जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहून काढतेय.

आधी पट्ट्या कुठे असतात ते. गॅरेजबँड, लॉजिक, एबलटन लाइव्ह या मंडळींमध्ये मधली ओळ म्हणजे पांढऱ्या पट्ट्या आणि वरची ओळ म्हणजे काळ्या. पांढरी एकला (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) सा धरला तर ए म्हणजे सा, एस रे, डी ग, एफ म, जी प, एच ध, जे नी आणि के तार सा. वरच्या ओळीत डब्ल्यू कोमल रे, ई कोमल ग, टी तीव्र म, वाय कोमल ध, यू कोमल नी. आर आणि आय या दोन कळा मुक्या, कारण पेटीवर ग आणि म च्या मधे किंवा नी आणि सां च्या मधे काळी पट्टी नसतेच, तीच रिकामी जागा इथेही ठेवलीय. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण त्या क्षणापासून तो टायपिंगचा कीबोर्ड राहिलाच नाही, पेटीच झाली. भूप राग म्हणजे ए एस डी जी एच. मालकंस म्हणजे ए ई एफ वाय यू. यमन वाजवताना चौथं बोट एफ सोडून वर टी वर जातं, बस, बाकी सगळं मधल्याच ओळीत.

एफएल स्टुडिओत आणि एलएमएमएसमध्ये मांडणी वेगळी, तिथे दोन सप्तकं एकावर एक ठेवलेली असतात. खालचं सप्तक झेडपासून सुरू होतं आणि त्याच्या काळ्या पट्ट्या एस, डी, जी, एच, जे; वरचं क्यूपासून आणि त्याच्या काळ्या पट्ट्या आकड्यांच्या ओळीत २, ३, ५, ६, ७. एकदम जास्त सूर हाताशी येतात हा मोठा फायदा, पण बोटं दोन ओळींऐवजी चार ओळींत नाचवावी लागतात. ही मांडणी जुनी आहे बरं का. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा कॉम्प्युटरसाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर काढला, त्याच्यानंतर ट्रॅकर नावाच्या सॉफ्टवेअरची रांगच लागली, आणि ट्रॅकरवाल्यांनी गाणीच्या गाणी याच कळा दाबून केली. एक कळ दाबली की एका ओळीत एक नोट पडते आणि कर्सर खाली सरकतो, की पुढची नोट. म्हणजे टायपिंगच्या कीबोर्डवर संगीत करणं ही काही नाइलाजाची गोष्ट नाही, त्यावर एक अख्खी परंपरा उभी आहे.

चालू कसं करायचं ते पटकन सांगते. गॅरेजबँड आणि लॉजिकमध्ये कमांड आणि के, लाइव्हमध्ये नुसतं एम (दहाव्या आवृत्तीपासून), एफएलमध्ये कंट्रोल टी, क्युबेसमध्ये ऑल्ट के, रीपरमध्ये ऑल्ट बी. रीपरमध्ये एक जास्तीचं काम असतं, ट्रॅकचं इनपुट व्हर्च्युअल मिडी कीबोर्ड असं निवडून ट्रॅक आर्म (म्हणजे रेकॉर्डसाठी तयार) करायला लागतो आणि ती छोटी पियानोची खिडकी समोर निवडलेली असावी लागते, नाहीतर कळा दाबून दाबून बोटं दुखतात आणि आवाज काही येत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही असो, काम झालं की हे बंद करायची सवय लावून घ्या. मी एकदा चालू ठेवूनच दुसऱ्या कामाला लागले आणि एकेका कळेच्या शॉर्टकटनी काहीच होईना, नुसते सूर वाजतायत.

आता माझ्या चालीकडे येते, कारण खरी गंमत तिच्यात आहे. पहिल्या आठ मात्रा अशा होत्या: ग रे ग प, ग रे सा सा. डी एस डी जी, डी एस ए ए, एका हातानी आरामात झालं. दुसऱ्या आठ मात्रा: सा रे मंद्र ध सा, रे ग रे सा. आणि इथे अडकले. ए ही कीबोर्डची डावी कडाच, त्याच्या खाली मंद्र धैवत कुठून आणणार? सोय आहे, झेड दाबलं की सप्तक खाली जातं आणि एक्स दाबलं की वर येतं, पण म्हणजे एका धैवतासाठी झेड, मग एच, मग एक्स, आणि हे सगळं एका मात्रेत बसवायचं. दोन-तीनदा करून बघितलं, सूर बरोबर येत होता पण लय तुटत होती, ऐकतानाच कळत होतं की इथे वाजवणाऱ्याचं लक्ष सुराऐवजी कळांकडे गेलंय.

उपाय पेटीवाल्यांचाच आहे. सा हलवायचा. सा पांढरी एकवरून उचलून पांढरी चारवर, म्हणजे एफ वर, ठेवला की भूपाचे सूर एफ जी एच के एल वर येतात आणि डाव्या बाजूला मंद्र ध एस वर आणि मंद्र प ए वर मिळतो, सगळंच्या सगळं मधल्या ओळीत, एकही काळी पट्टी नाही. झेड-एक्सची गरजच संपली. चाल पहिल्याच फटक्यात आली. मी गाते काळी चारमध्ये, म्हणून ट्रॅकला ट्रान्स्पोज तीन दिलं (सगळे सूर तीन पट्ट्या वर सरकवले) की एफ वर काळी चारचा सूर वाजतो आणि बोटं मात्र सोप्या जागी राहतात. ज्या रागात बोटं अडतात त्या रागासाठी सा कुठे ठेवला तर बरं पडेल हे पाच मिनिटं बसून शोधा, ती पाच मिनिटं पुढे खूप वेळ वाचवतात.

आणि लय. सॉफ्टवेअरचा टेंपो ९६ होता, पण मी रेकॉर्ड केलं ७० ला. मिडीत आवाज साठवला जात नाही, कुठली नोट कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली एवढंच साठवलं जातं, त्यामुळे नंतर टेंपो वाढवला तरी सूर वर चढत नाही. सावकाश वाजवून नंतर वेगात ऐकणं यात कसलीही चोरी नाही असं माझं ठाम मत आहे, चाल तुमचीच असते.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. टायपिंगच्या कळेला जोर कळत नाही. तिला दोनच गोष्टी माहीत, दाबली किंवा सोडली. मिडीत प्रत्येक नोटेबरोबर १ ते १२७ असा एक आकडा जातो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, तोच तुमच्या बोटाचा जोर. खरा मिडी कीबोर्ड पट्टी किती वेगानं खाली गेली ते मोजून हा आकडा देतो, आपला टायपिंगचा कीबोर्ड सगळ्या नोटांना एकच आकडा देतो. लाइव्ह आणि लॉजिकमध्ये सी आणि व्ही नी तो कमीजास्त होतो, पण वाजवताना दर नोटेला कोण बदलणार. म्हणून पहिल्यांदा रेकॉर्ड करून ऐकलं की सगळ्यांना वाटतं, छे, हे अगदी यंत्रासारखं वाजतंय, माझ्यानं होणार नाही. अहो, चाल निर्जीव नाही, फक्त तिला अजून वजन दिलेलं नाही.

ते वजन नंतर पियानो रोलमध्ये (सगळ्या नोटा मांडून दाखवणाऱ्या खिडकीत) हातानं द्यायचं, आणि माझा अनुभव असा की हे करताना चाल जास्त कळते. परवाच्या सोळा मात्रांचंच सांगते. सगळ्या नोटा १०० वर होत्या. आधी सगळ्या खाली आणून ७८ वर ठेवल्या. मग समेवरचा पहिला ग १०४ वर नेला. चौथ्या मात्रेचा प हा त्या ओळीचा कळस, पण तो जोरात नको होता, तो हळूच उमलायला हवा होता, म्हणून त्याला ८८ च दिलं आणि त्याच्या आधीचा ग ७० वर उतरवला, म्हणजे प आपोआप उठून दिसला. मंद्र ध ६२ वर, कारण गाताना मी तिथे आवाज आत ओढते. शेवटचा सा ८० वर आणि त्याची लांबी थोडी वाढवली. पंधरा मिनिटंही लागली नसतील. परत लावलं तेव्हा मी एकटीच बसले होते आणि तरी मोठ्यानं 'हां' म्हटलं, कारण आता ती ओळ कुणीतरी म्हणत होतं.

नोटेची लांबी हाही जोराइतकाच जिवंत भाग आहे हे फार कमी जण बघतात. बासरीचा किंवा व्हायोलिनचा आवाज लावला असेल तर एक नोट संपायच्या आधी दुसरी किंचित सुरू होऊ द्या, बऱ्याच आवाजांत दोन सूर त्यामुळे जोडले जातात. सतार किंवा पियानो असेल तर उलट, थोडी फट ठेवली तर बोल स्वच्छ ऐकू येतात.

क्वांटाइझबद्दल, म्हणजे नोटा तालाच्या रेघांवर आपोआप ओढून घेण्याबद्दल, माझं भांडण आहे. टायपिंगच्या कळांवर बोटं थोडी मागेपुढे पडतातच, मग लोक सगळं निवडतात आणि शंभर टक्के क्वांटाइझ करून टाकतात, प्रत्येक नोट थेट रेघेवर. चूक गेली पण झोकाही गेला. जवळपास सगळीकडे त्याची तीव्रता टक्क्यांत देता येते, ती ५० ते ६० ठेवा, म्हणजे नोट रेघेकडे अर्ध्या वाटेपर्यंत सरकते आणि तुमचा हात त्यात राहतो. समेवरची नोट तेवढी नीट रेघेवर बसवा, बाकीच्यांना जरा मोकळं सोडा.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हा या कीबोर्डचा सगळ्यात कच्चा भाग, हे मान्यच करायला हवं. गॅरेजबँड आणि लॉजिकमध्ये १ आणि २ नी पिच बेंड होतो, पण तो एका ठराविक झेपेत जातो, त्याला मींड म्हणता येणार नाही. मी वाजवताना मींड सोडूनच देते आणि नंतर पिच बेंडची रेघ हातानं काढते. बहुतेक आवाजांत पिच बेंडची मर्यादा दोन स्वरांतरं (पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्या) वर आणि दोन खाली अशी असते, म्हणजे ग वरून रे पर्यंतची मींड बरोबर त्यात मावते (शुद्ध ग ते शुद्ध रे हे दोन स्वरांतरंच ना). ग ची नोट लांब करायची, रे ची नोट काढून टाकायची आणि रेघ आधी जागच्या जागी ठेवून मग वाकवत खाली न्यायची. सरळ तिरकी रेघ काढली तर सायरनसारखं वाजतं. गळा आधी ग वर रेंगाळतो, मग घसरतो, मग रे वर टेकताना परत हळू होतो, रेघेलाही तसाच आकार द्या. कणस्वर मात्र कळांवर छान येतात, मुख्य कळ दाबायच्या जरा आधी शेजारची कळ नुसती शिवून जायची.

दोन त्रासांबद्दल लिहायलाच हवं, कारण दोन्हींत माझे दिवस गेलेत. पहिला त्रास म्हणजे मुका तिसरा सूर. माझ्या जुन्या कीबोर्डवर काही ठराविक तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी वाजायचीच नाही. मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं, ते काढून परत टाकलं, आवाजांची फाइल परत उतरवली, दोन संध्याकाळी गेल्या आणि फरक शून्य. शेवटी नुसती वही उघडावी तसा टेक्स्ट एडिटर उघडून त्याच तीन कळा दाबल्या तर तिथेही दोनच अक्षरं उमटली. म्हणजे दोष कीबोर्डच्या आतल्या वायरिंगचा होता. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला वेगळी तार नसते, आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी तार जुळते. तीन कळा जर जाळीतल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर आल्या तर चौथा कोपरा पण दाबलाय असं कीबोर्डला वाटतं, मग खोटी कळ जाऊ नये म्हणून तो तिसरीच अडवतो. टाइप करताना आपण तीन अक्षरं एकदम कधी दाबत नाही म्हणून हे एरवी कळतच नाही. ज्या कीबोर्डात प्रत्येक कळेला डायोड असतो त्यात हा प्रकार होत नाही. नवा कीबोर्ड घ्यायचा नसेल तर कॉर्ड एकदम दाबू नका, आधी सा आणि प रेकॉर्ड करा, मग त्याच तुकड्यावर ओव्हरडब करून, म्हणजे आधीचं न पुसता वर रेकॉर्ड करून, ग घाला. किंवा स्टेप इनपुट लावा, त्यात एकेक सूर सावकाश भरता येतो आणि वेळेचं टेन्शनच नाही.

दुसरा त्रास उशिराचा. कळ दाबल्यावर सूर जरा मागून येतो, आणि मग तुम्ही नकळत पुढे पुढे वाजवायला लागता. याचं मोठं कारण ऑडिओ बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवून मग एकदम वाजवतो तो साठा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे जवळपास २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, १२८ म्हणजे तीनच्या आत, आणि कळेचा आणि साउंड कार्डाचा आपापला उशीर त्यात अजून मिळतो. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला बसाल तेव्हा परत वाढवा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (साउंड कार्डाशी कमी उशिरात बोलणारं सॉफ्टवेअर) नसेल तर आधी तो घाला, निम्मं दुखणं तिथेच संपतं. आणि ब्लूटूथ हेडफोन वाजवताना नकोतच, त्यांचा उशीर कुठल्याही सेटिंगनं पूर्ण जात नाही. वायरवाले लावा, कितीही जुने असू देत.

अजून एक छोटं. एखादा सूर कधीकधी अडकून वाजतच राहतो. कळ दाबलेली असताना तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेलात तर कळ सुटल्याचा निरोप सॉफ्टवेअरला पोचतच नाही, म्हणून असं होतं. घाबरू नका, तीच कळ परत दाबून सोडा, नाहीतर सगळ्या नोटा बंद करायची पॅनिक नावाची आज्ञा असते ती वापरा.

आणि जाता जाता ज्या गोष्टीनं माझी सवयच बदलली ती सांगते. लाइव्हमध्ये २०१८ पासून कॅप्चर नावाचं बटण आहे, लॉजिकमध्येही तशी सोय आहे. रेकॉर्डचं बटण न दाबता नुसतं वाजवत बसलात आणि मधेच काहीतरी छान निघालं तर ते बटण दाबायचं, जे आत्ता वाजवलं ते सगळं ट्रॅकवर येतं. रेकॉर्डचा लाल दिवा लागला की माझा हात आखडतो, दिवा नसला की मोकळा चालतो, त्यामुळे हल्ली मी ट्रॅक आर्म करून ठेवते आणि नुसती बोटं फिरवत बसते. परवाची दुसरी ओळ, तो मंद्र धैवत असलेली, अशीच मिळालीय. मनात जी दुसरी ओळ होती ती वेगळीच होती, सा वरून थेट रे वर जाणारी. अशीच बोटं फिरवताना ध वाजला आणि मी थांबले, तोच हवा होता.

अंतरा अजून व्हायचाय. तो तार सा पर्यंत जाणार हे नक्की, म्हणजे एल च्या पुढे अर्धविरामाची कळ सोडून अवतरणचिन्हाच्या कळेवर, आणि त्याच्या वर गेला तर परत सा हलवावा लागेल. आज रात्री बसते.